टाकीतलं भूत आणि लग्नाची गर्दी

आयुष्यातली बरीच वर्षं मी कावळा होतो. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या नाकाकडे बघतात. नाकाचा इथे काही संबंध नाही. टीव्हीवर एक मराठी कार्टून लागायचं, विनोदी, मुलांच्या संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला. एका सोसायटीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत भूत राहतं आणि ते माणसांना घाबरतं, एवढीच त्यातली कल्पना. टाकीच्या झाकणावर एक आगाऊ कावळा बसून भुताला सोसायटीच्या बातम्या पुरवायचा. तो मी. आणि आतलं भूत म्हणजे दादा.

दादा माझा सख्खा भाऊ नव्हे. अंधेरीतल्या एका तळघरात, डबिंग स्टुडिओच्या माइकसमोर, आम्ही दोघं इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून उभे राहिलो की लोकांनीच आम्हाला भाऊ ठरवून टाकलं. मी बोरिवलीहून जायचो, तो मुलुंडहून यायचा. भुताचा आवाज त्याने घरीच कमावला होता. त्याचं घर बिल्डिंगच्या शेवटच्या मजल्यावर, आणि डोक्यावर टाकी. हा गच्चीत जायचा, टाकीचं झाकण सरकवायचा आणि आत तोंड घालून तासन्‌तास बोलत बसायचा. वॉचमनने एकदा सेक्रेटरीला जाऊन सांगितलं, "शेवटच्या मजल्यावरचे काका जीव द्यायला गेलेत, पण उडी काही मारत नाहीत."

तर तो आवाज. नाकातून निघालेला, चिरका, तळाशी पाणी डुचमळणारा. "माणूस आहे का रे वर, माणूस? मला भीती वाटते हं!" पोरं शाळेत असंच बोलायची, बाप ऑफिसात असंच बोलायचे. माझा कावळाही लोकप्रिय होता, पण लोक कावळ्याची नक्कल करत नाहीत. कावळे फुकट मिळतात.

आता आमच्या धंद्यातली एक गंमत सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. कार्टूनमध्ये लग्न असेल, बाजार असेल, तर मागे माणसांचा गलका लागतो. त्याला आम्ही नुसतं 'गर्दी' म्हणतो. चारपाच आर्टिस्ट माइकपासून लांब गोल करून उभे राहतात आणि तोंडाला येईल ते बडबडतात. अट एकच, कुणाचं वाक्य वर येता कामा नये. मी बहुतेक वेळा पाढे म्हणायचो. एक बाई मन लावून साबुदाण्याच्या खिचडीची कृती सांगायच्या. आणि दादा? दादा स्वतःच्या साध्या आवाजात बायकोशी भांडायचा. सकाळी घरी जे भांडण हरून आलेला असायचा, ते इथे पुढे चालू. "पंखा मी बंद केला होता!" "तुझ्या माहेरचं लोणचं आंबटच आहे, आहे म्हणजे आहे!" रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून ओरडायचा, "दादा, वाक्य वर येतंय! घरचं घरी!" दादा डोळे मिचकावून म्हणायचा, "घरी बोलायची सोय असती तर इथे आलो असतो का रे?"

अशी एक लग्नाची गर्दी आणि एक बाजाराची गर्दी करून ठेवली होती. मालिकेत जेव्हा जेव्हा लग्न लागलं तेव्हा तीच गर्दी, हळू आवाजात. टीव्हीच्या डबड्यातून ती माशा घोंगावल्यासारखी ऐकू यायची.

मालिका संपली, आणि पुढे काही वर्षांनी दादाही गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. चार वर्षं झाली त्याला.

मी अधूनमधून मुलुंडला वहिनींकडे जातो. मुलगी नवऱ्याबरोबर बेंगळुरूला, त्यामुळे घरात त्या एकट्याच. एकदा असाच बसलो होतो, तर वहिनी म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? हसायचं नाही."

"हसणं हा माझा धंदा आहे, पण विचारा."

"ह्यांचा आवाज कसा होता हो?"

मी हसलोच. ज्याचा आवाज अख्ख्या महाराष्ट्राला पाठ, त्याच्या बायकोने मला हे विचारावं!

"तो नव्हे," त्या म्हणाल्या. "तो भुताचा. ह्यांचा कसा होता? मला शब्द आठवतात. 'चहा टाक गं.' 'चावी घेतलीस का?' सगळं आठवतं. पण ऐकू येतं ते भुताच्या आवाजात. खरा आवाज कुठे गेला कोण जाणे."

त्यांनी सगळीकडे शोधलं होतं. लग्नाच्या कॅसेटवर नुसती सनई. फोनमध्ये दादाचे ढीगभर आवाजी निरोप, पण तो मुलखाचा नकल्या, एकही निरोप सरळ पाठवायचा नाही. "माणसाने भाजी घेतली हं, मला पिशवीची भीती वाटते!" असले सगळे.

"आणि पहाटे-संध्याकाळी पाणी येतं ना," वहिनी हळूच म्हणाल्या, "वर टाकी भरायला लागते. आधी गुडगुड, मग झाकण थरथरतं. तेव्हा तर मला स्पष्ट ऐकू येतं. नवरा गेला, भावजी, आणि भूत राहिलं."

मी नकलाकार माणूस. असल्या वेळी गप्प बसवत नाही. मी डोळे मिटले, दादाला माइकसमोर उभा केला, त्याचा खाली झुकलेला डावा खांदा आठवला, आणि म्हणालो, "चहा टाक गं."

आलं ते भूतच. माझ्याही घशात तेच बसलं होतं.

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात पोह्यांची बशी होती. म्हणाल्या, "परत नका हं करू असं."

यंदा त्या कार्टूनवर सिनेमा आला. चित्रातला नव्हे, खऱ्या माणसांचा. भुताच्या कामाला एक मोठा नट, कावळा कम्प्युटरवर केलेला आणि त्याला आवाज कुठल्यातरी नव्या पोराचा. मला कुणाचा साधा फोनसुद्धा आला नाही. आता सांगा, माझ्यासारख्या गरीब कावळ्याने काय करावं? पहिल्याच शुक्रवारी सकाळी, सिनेमा न बघताच, मी कावळ्याच्या आवाजात एक परीक्षण फोनवर बोललो आणि आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर सोडून दिलं. "काव काव! ऐका हो ऐका! आमच्या टाकीत जिमवालं भूत घुसलंय! पाणी कमी, प्रोटीन जास्त! तिकिटाचे पैसे वाचवा आणि टाकी धुऊन घ्या, काव!"

दुपारपर्यंत तो निरोप मला माझ्याच साडूने पाठवला. संध्याकाळी भाजीवालीच्या फोनवर ऐकला. मी इतका खूश झालो की आरशासमोर पंख फडफडवले.

त्याच दिवशी वहिनींचा फोन. "भावजी, मला त्या सिनेमाला घेऊन चला."

"कशाला? बंडल आहे."

"तुम्ही बघितलात?"

"ऐकलंय."

"कुणाकडून?"

"एका कावळ्याकडून."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यात भुताला दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आहे ना? म्हणूनच जायचंय. ते भूत एकदा दुसऱ्याच्या तोंडून नीट ऐकलं तर हे माझ्या डोक्यातलं निघून जाईल. आणि ते गेलं की त्याच्यामागे हे सापडतील."

रविवारी मुलुंडच्याच मॉलमध्ये दुपारच्या खेळाला गेलो. पहिला भाग मी पडद्याकडे कमी आणि वहिनींकडे जास्त बघितला. नटाचा आवाज चांगला होता, रुंद, तूप लावलेला. वहिनी ताठ बसून ऐकत होत्या, डॉक्टरने छातीला नळी लावावी तशा. अर्ध्या तासाने त्यांच्या खांद्यांचा ताण जरा गेला. माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "जातोय वाटतं." मी त्या नटाला मनातल्या मनात क्षमा केली.

मग मध्यंतर झालं.

आम्ही पॉपकॉर्नच्या रांगेत उभे. पुढे एक बाप आपल्या मुलीला सांगत होता, "हे काय भूत आहे का? आमच्या वेळचं भूत ऐकायला हवं होतंस." आणि त्याने नाक दाबून आवाज काढला, "माणूस आहे का रे वर, माणूस?"

बाजूची कॉलेजातली मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "तो नुसते दंड दाखवतोय यार! असं थोडीच होतं ते. असं होतं, मला भीती वाटते हं!"

"नाही गं, अजून चिरका. थांब, मी काढते."

"काका, तुम्ही करा ना, तुमचं मस्त झालं."

एकाने केलं, दुसऱ्याने सुधारलं, तिसऱ्याने दाद दिली. मतं द्यायला लोकांना एवढंच पुरतं. स्वच्छतागृहाच्या बाजूने एक आवाज आला, सरकत्या जिन्यावरून उतरताना कुणीतरी त्याला उत्तर दिलं. सगळी लॉबी दादाच्या त्या आवाजात बोलायला लागली. बायका, मुलं, टक्कलवाले, सगळ्यांच्या तोंडून तोच. आयुष्यात इतकी दाद त्याला कधी समोर मिळाली नव्हती. एरवी मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण माझ्या शेजारी त्याची बायको उभी होती, दोन्ही कानांवर हात ठेवून, आणि तिचा नवरा सगळीकडून तिला विचारत होता, माणूस आहे का, माणूस?

"चला घरी," वहिनी म्हणाल्या. "आलं परत."

"वहिनी, पॉपकॉर्न घेतलंय."

"तुम्ही खा."

"एवढं मोठं? मी कावळा आहे, हत्ती नाही. आत अंधार आहे, तिथे कुणी बोलणार नाही. बसा थोडा वेळ."

पॉपकॉर्न टाकवेना म्हणून त्या आत आल्या. मुंबईतली बाई शोकात असली तरी विकत घेतलेलं टाकत नाही, आणि या शिस्तीवर मी मनातून फार विसंबलो होतो.

दुसऱ्या भागात गच्चीवर लग्न लागतं. नवरी टाकीपाशी येऊन भुताचा निरोप घेते आणि रडते. तिच्यामागे पाहुण्यांचा गलका. आम्ही डावीकडे, शेवटून दुसऱ्या रांगेत होतो. आणि आमच्या मागून, डाव्या खांद्यावरून, भिंतीतून एक माणूस बोलला. अगदी साधा, थोडा घोगरा, कोकणातला हेल असलेला आवाज.

"दूध माझ्याच हातून उतू गेलं हो. बोक्यावर ढकललंय. घरी सांगू नका."

आणि सनईने तो गिळून टाकला.

वहिनींनी वळून मागे बघितलं. मीही बघितलं. मागची रांग रिकामी होती. वर भिंतीला एक काळा स्पीकर, आणि त्याच्याखाली बाहेर जायच्या वाटेचा हिरवा दिवा. माझ्या हातावरचा काटा मला कपड्याच्या आतून जाणवत होता. मला माहीत होतं की ही आमची गर्दी आहे. आम्ही गोल करून उभे होतो, मी पाढे म्हणत होतो. मला सगळं ठाऊक होतं, आणि तरी मी त्या रिकाम्या रांगेकडे बघतच राहिलो.

पडद्यावर नवरी हुंदके देत होती, अख्खं थिएटर गप्प, आणि वहिनी मोठ्याने हसल्या.

"काकू, शूऽऽ!" पुढून कुणीतरी.

"बोका!" वहिनी म्हणाल्या. "अहो भावजी, त्या बोक्याला मी आठवडाभर दारात उभं केलं नाही! आणि हे शेजारी बसून म्हणायचे, बरं केलंस, लाडावला होता!" डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या हसत होत्या. "हाच हो. हाच आवाज."

दुसऱ्या दिवशी मी जुन्या रेकॉर्डिस्टला फोन केला. तो म्हणाला, "अरे, नवी गर्दी कोण करणार? माणसं बोलवा, चहा पाजा. सिनेमावाल्यांना म्हटलं, माझ्याकडची जुनीच टाका. का रे, वाक्य वर येतंय का?"

"येतंय," मी म्हटलं. "राहू दे."

वहिनींना पुन्हा जायचं होतं. एकदा ऐकलं ते हसण्यात गेलं, म्हणाल्या, अजून नीट धरता आलं नाही. पण सोमवारी मुलुंडचे खेळ निम्मे झाले, आणि बुधवारी एकच दुपारचा उरला. लोकांनी निकाल दिला होता, बंडल. ओटीटीवर येईल म्हणतात, येईलही, पण घरच्या टीव्हीत ती गर्दी पुन्हा माशांसारखी घोंगावणार. दादा त्या थिएटरच्या भिंतीत होता, आणि शुक्रवारी भिंतीतून जाणार होता.

मग मी प्रचाराला लागलो. जिथे चार कान दिसतील तिथे. बँकेच्या रांगेत फोन कानाला लावून, पलीकडे कुणी नसताना, "अरे काय पिक्चर आहे! दुसरा भाग तर झकास!" सलूनमध्ये, लिफ्टमध्ये, मॉलच्या दारात. एका बाईंना मी त्यातल्या लग्नाचं असं वर्णन करून सांगितलं की त्यांनी केटरर कोण होता ते विचारलं. आणि सगळीकडून एकच उत्तर यायचं.

"नको हो. तुम्ही ते कावळ्याचं ऐकलं नाहीत का? कावळाच सांगतोय, पैसे वाचवा." आणि लोक फोन काढून मला माझाच आवाज ऐकवायचे. काव काव! मी म्हणायचो, "खोटा असेल तो." ते म्हणायचे, "छे! आवाज ओळखतो आम्ही." मी घाईघाईने दुसरा निरोप काढला, "काव, चुकलं, चांगला आहे!" तर आमच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहिलं, हा नकली कावळा आहे, पुढे पाठवू नये. आवाज एकदा तोंडातून सुटला की तो मालकाचं ऐकत नाही. जिवंतपणीसुद्धा नाही.

गुरुवारी शेवटचा खेळ. थिएटरात आम्ही दोघं, एक पेंगणारे आजोबा आणि कोपऱ्यात एक जोडपं, त्यांना सिनेमाशी काही घेणं नव्हतं. वहिनी स्पीकरखालीच बसल्या. नवरी टाकीपाशी यायला लागली तसा मी खिशातून फोन काढला. सिनेमा रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, मला माहीत आहे, पण मी त्या सिनेमातला थोडासा तरी आहेच. माझे पाढे आहेत त्यात.

वहिनींनी माझा हात खाली दाबला.

"नको भावजी."

"पुन्हा मिळायचं नाही, वहिनी."

"घरी नेलं तर मी रोज लावीन. सकाळ-संध्याकाळ लावीन. मग तेवढ्या वाक्यातच राहतील हे. 'चहा टाक'सुद्धा दुधाच्या आवाजात म्हणतील." त्यांनी डोळे मिटले. "गप्प बसा आता. येतायत."

तो आला. मागून, डावीकडून. दूध, बोका, घरी सांगू नका. आणि सनई.

बाहेर पडताना दारात एक मुलगी माइक घेऊन उभी होती. कुठल्याशा चॅनेलसाठी प्रेक्षकांची मतं घेत होती, आणि प्रेक्षक मिळत नसल्यामुळे रडकुंडीला आली होती. तिने वहिनींना गाठलं. "काकू, कसा वाटला पिक्चर? किती स्टार द्याल?"

मी पुढे होऊन भाषण ठोकणार होतो. वहिनींनी मला कोपराने मागे सारलं.

"भुताचं काम केलंय तो मुलगा चांगला आहे," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "लोक उगाच नावं ठेवतात त्याला. त्याचा आवाज त्याचा आहे. आणि लग्नाचा सीन फार छान. लग्नासाठी बघा."

"पण काकू, आज शेवटचा शो होता."

"हो का? मग ज्यांनी बघितला त्यांनी बघितला."

घरी आलो. वहिनींनी दूध तापत ठेवलं आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात. वर टाकी भरत होती, गुडगुड, गुडगुड. दूध चढायला लागलं. मी गॅसकडे निघालो, तर त्यांनी बोट उचलून मला थांबवलं. साय फुगली, काठावर आली, आणि चर्रर्र करत ओट्यावर उतरली. जळकट वास घरभर झाला.

"आता बोक्याचं नाव घ्या," वहिनी म्हणाल्या. माझ्याशी नव्हे.

मला आता तो आवाज येत होता. दोनदा ऐकून तो माझ्या घशात नीट बसला होता, घोगरा, कोकणातल्या हेलासकट. तोंड उघडायचा अवकाश होता. मी उघडलंही.

आणि मिटलं.

टाकीचं झाकण वर थरथरलं आणि थांबलं. वहिनी मान जराशी डावीकडे कलवून ऐकत होत्या. मला काहीच ऐकू आलं नाही. मग त्या हसल्या, गॅस बंद केला, आणि फडकं घेऊन ओटा पुसता पुसता म्हणाल्या, "टाकते हो. जरा दम धरा."

त्यांनी चहा टाकला. कप तीन काढले होते.